बेठाव

विलास, तुझ्या शोकसभेची बिछायत माझीच होती. दुसऱ्या कोणाची असणार होती? शाळेच्या पटांगणात मंडप टाकला, सतरंज्या अंथरल्या, पुढाऱ्यांसाठी समोर खुर्च्या आणि म्हाताऱ्या बायांसाठी बाजूला गाद्या लावल्या. फोटोसाठी टेबल, टेबलावर पांढरं कापड, फुलांचं ताट, पाण्याचे कॅन, माइक दोन. एक बंद पडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून. सगळं वेळेत झालं. तुझ्या कोणत्याही कार्यक्रमाला माझी वायर कधी कमी पडली नाही, याही वेळी पडली नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, स्मरणिकेसाठी सरांवर लिहून द्या, तुम्ही लहानपणापासूनचे मित्र. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, सत्कार हे सगळं शाळेच्या कार्यालयात मिळेल. ते त्यांनी छापावं. तुझ्याशी जे बोलायचं राहिलं आहे ते मी लिहितो आहे. कामांची यादी करायची, एकेक उरकायचं आणि त्यावर रेघ मारायची, ही माझी सवय. तू तिच्यावर जन्मभर हसलास. तू गेल्यापासून एका कामावर रेघ मारता येत नाही. ते काम तुझ्या मायचं आहे.

सभेत एक पुढारी बोलायला उभे राहिले. तुला ते ओळखतही नव्हते. म्हणाले, "सर आयुष्यभर ज्या कृष्ण ऊर्जेविषयी सांगत राहिले, त्याच अनंत कृष्ण ऊर्जेत आज ते विलीन झाले." लोकांनी माना डोलावल्या. तू तिथे असतास तर उभा राहून "कशावरून?" असं विचारलं असतंस, आणि मग मला मधे पडावं लागलं असतं. मी मिक्सरपाशी बसलो होतो. आवाजाचं बटण हळूहळू खाली आणलं. पुढाऱ्यांचे ओठ हलत राहिले.

"माइक गेला का गा दिनेशभाऊ?" मागून कोणीतरी विचारलं.

"वायर लूज झाली," मी म्हणालो.

माझ्या साउंडला लोकांनी नावं ठेवलेली मी ऐकून घेतली, ते तुझ्यासाठी.

माय पुढच्या गादीवर होती. अड्याळच्या बाजारात मासोळी विकायला बसते तशीच, पाय दुमडून, पदर डोक्यावर. ती रडत नव्हती. प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहत होती. एकाने जरी तिच्या कामाचं काही सांगितलं असतं तर तिने ते ऐकलं असतं. कोणीच सांगितलं नाही.

हे व्याख्यानांचं सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं की तुझं लग्न ठरलं.

"दिन्या, बिछायत पाहिजे," तू फोनवर म्हणालास.

"ठरलं का बे एकदाचं?"

"व्याख्यान आहे. आसगावले."

"म्हणजे माह्या मंडपाचं एक लग्न तू बुडवणारच."

"व्याख्यानात लोक जेवत नाही. तुह्या गाद्यांवर वरण सांडत नाही. फायदा पाय ना."

विषय विचारला तर तू डार्क मॅटर, डार्क एनर्जी असं काही बोललास. मी कॉमर्सचा. मी म्हणालो, धानाच्या रोवण्या आटोपून दमलेल्या माणसांना हे कशाला पाहिजे? तू म्हणालास, शाळेच्या पुस्तकात सगळं सापडलेलंच असतं. पोरांना वाटतं विज्ञान म्हणजे उत्तरांची वही. जे अजून कोणालाच सापडलेलं नाही तेही कोणीतरी त्यांच्यासमोर ठेवलं पाहिजे, नाहीतर शोधायला जाणार कोण?

आसगावचं ते पहिलं व्याख्यान मी विसरणार नाही. पेंटरला तू फोनवर विषय सांगितलास आणि म्हणालास, मराठीत लिही. त्याने फळ्यावर त्याच्या समजुतीने लिहिलं: "काळा पदार्थ आणि काळी शक्ती. मार्गदर्शक : विलास सर." ऑटोवर भोंगा लावून दोन गावांत तेच पुकारलं गेलं. दंडारीच्या खेळाला जमावी तेवढी गर्दी जमली. बाया पुढे बसल्या होत्या, काहींच्या हातात लिंबं. तू खूश होऊन माझ्याकडे पाहिलंस, लोकांना विज्ञानाची केवढी भूक आहे बघ, अशा नजरेने. मी फळा वाचला होता. तू वाचला नव्हतास.

पहिला आकाशगंगेचा फोटो पडद्यावर आला आणि एक माणूस उभा राहिला. "सर, माह्या म्हशीनं दूध तोडलं. काळी शक्ती कोणत्या दिशेनं बसवली हाय, ते यात पाहून सांगता येते का?"

तू हसलास. लोकही हसले. मग दुसरा उठला, तो हसत नव्हता. "दिशा राहू द्या. गावात कोणाजवळ हाय तेवढं सांगा. नाव घ्या. बाकी आमी पाहून घेतो."

माना फिरल्या. मी मागे वायरींपाशी होतो, म्हणून मला दिसलं त्या कुठे फिरल्या ते. खांबाजवळ एक म्हातारी एकटीच बसली होती, तिच्या आजूबाजूला हातभर जागा सोडून लोक बसले होते. तिने मान खाली घातली. ती तिची सवयीची हालचाल असावी.

तू प्रोजेक्टर बंद केलास. खुर्ची ओढून मधोमध बसलास आणि म्हणालास, "ज्याले वाटते करणी असते, त्यानं आत्ता माह्यावर करावी. मी इथंच बसलो हाव." कोणी आलं नाही. कंटाळून लोक उठायला लागले. सामान टेंपोत चढवायच्या आधी तू त्या म्हातारीबरोबर तिच्या घरापर्यंत चालत गेलास. परत आलास तेव्हा तुझा चेहरा काळवंडलेला होता. एक चुकीचा शब्द फळ्यावर लिहिला तर एखाद्या बाईचा जीव जाऊ शकतो, असं तू म्हणालास. मी वायर गुंडाळत राहिलो, कारण मलाही तेच वाटलं होतं.

टेंपोत आपलं शब्दावरून भांडण झालं.

"पुस्तकात कृष्ण पदार्थ आहे ना? तेच लिही," मी म्हणालो.

"कृष्ण म्हटलं तं बाया हात जोडते."

"मंग अंधार लिही."

"अंधारात लाइट लावला का दिसते. हे लाइटीनंही दिसत नाही. उजेड त्याच्यातून आरपार जाते. हे काळंही नाही, दिन्या. काळं असतं तं काळं म्हणून दिसलं असतं."

"मंग त्याले डार्क कायले म्हणते?"

"ठाव नाही म्हणून."

आणि तू तोच शब्द तोंडात घोळवलास. मग स्वतःशीच म्हणालास, "ठाव नाही. बेठाव."

आपल्याकडे ठाव म्हणजे ठाऊक असणं, ठाव म्हणजे माणसाचा पत्ता, आणि ठाव म्हणजे पाण्याचा तळ. डोंग्यातून बांबू खाली घातला आणि तळ लागला नाही की नदीवर मासे धरणारे ढिवर म्हणतात, ठाव नाही. तू ढिवराच्या घरचा. तुझ्या पुढच्या सगळ्या फळ्यांवर "बेठाव पदार्थ आणि बेठाव शक्ती" असं लिहिलं गेलं. लोकांना ही पेंटरची चूक वाटेल असं मी म्हणालो होतो. तू म्हणालास, मग ते विचारायला तरी येतील. ते आले.

हा शब्द तुझ्या घरात आधीपासून होता, हे मी त्या दिवशी बोललो नाही. तुझा धाकटा भाऊ रोशन जाळी काढायला नदीत गेला होता. डोंगा उलटा सापडला. रोशन सापडला नाही. बांबू घातले, गळ टाकले, पाणबुडे आले, ठाव लागला नाही. मायने त्याची तेरवी होऊ दिली नाही. नदीकाठच्या कोणत्याही गावात प्रेत लागलं की तिथला पोलीस पाटील तुला फोन करायचा, आणि तू मायला मोटारसायकलवर बसवून न्यायचास. दुसऱ्या दिवशी मला सांगायचास, "मायले घेऊन गेलतो." बाजारात नेल्यासारखं. मी कधी पुढे विचारलं नाही.

तुझी व्याख्यानं मला पाठ झाली. कनात बांधता बांधता माणसाला बरंच पाठ होतं. आधी गोफण. पाखरं हाकलायची गोफण तू डोक्यावर गरगर फिरवायचास आणि विचारायचास, दगड पळून का जात नाही? दोरीने धरलाय म्हणून. दोरी कच्ची असली आणि जोरात फिरवली तर? तुटेल, दगड जाईल. मग तू आकाशगंगा दाखवायचास. तिच्यातले तारे असेच फिरतात आणि त्यांना धरून ठेवणारी दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. दिसणारे तारे, वायू, धूळ, सगळ्यांचं वस्तुमान मोजलं तर दोरी फार कच्ची निघते. कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात की ते केव्हाच उधळून जायला पाहिजे होते. ते गेले नाहीत. तेव्हा आणखी काहीतरी त्यांना धरून आहे. ते उजेड देत नाही आणि अडवतही नाही, पण त्याची ओढ मोजता येते. दुरून येणाऱ्या उजेडाची वाटसुद्धा त्याच्यामुळे वाकते. हा बेठाव पदार्थ.

मग सायकलच्या ट्यूबची पट्टी. तिच्यावर तू शर्टाची बटणं शिवली होतीस. दोन पोरांना दोन टोकं ओढायला लावायचास. प्रत्येक बटण दुसऱ्यापासून लांब जायचं. विश्व असं ताणलं जात आहे, हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होतं. सगळ्यांचा अंदाज होता की आपसातल्या ओढीने हे ताणणं हळूहळू मंदावत असेल. फार लांबच्या फुटणाऱ्या ताऱ्यांचा उजेड मोजला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा फिका निघाला. म्हणजे ते तारे मानलं होतं त्याहून लांब गेले होते. ताणणं मंदावायच्या ऐवजी वाढत होतं.

"वर फेकलेला गोटा खाली न येता जोर धरून वरच चालला, तं काय म्हणसान?" तू विचारायचास.

"कोणीतरी ढकलून राहिलं म्हणू."

"कोण?"

सगळे एकमेकांकडे पाहायचे.

"मलेही ठाव नाही. जगात कोणालेच नाही. त्याले नाव दिलं बेठाव शक्ती. नाव दिलं म्हणजे समजलं असं नाही, बरं का."

तुमसरला राइस मिलच्या आवारात तू माझ्याकडून शंभर खुर्च्या मांडून घेतल्या होत्यास. पाचांवर माणसं बसवलीस. म्हणालास, हे सगळे तारे, ग्रह, वायू, नदी, धान, तुम्ही, मी; आपल्याला ठाऊक असलेलं सगळं एवढ्यात आलं. पाव भागाहून थोड्या जास्त खुर्च्या बेठाव पदार्थाच्या. उरलेल्या साऱ्या बेठाव शक्तीच्या. त्या रिकाम्या ठेवल्यास आणि लोकांना उभं केलंस.

एका हमालाने हात वर केला. "सर, दिवसभर पोती उचलून आलो. इतक्या खुर्च्या खाली ठेवून आमाले उभं कायले ठेवलं गा?"

"बसा ना काका. त्या खुर्चीत कोण आहे ते समजलं तं मलेही सांगा."

काका बसले. जरा हलून पाहिलं. "कोणी नाही बसून. असतं तं नरम लागलं असतं."

इतकं हसताना मी तुला नंतर पाहिलं नाही.

आणि मग अड्याळचं व्याख्यान, बाजाराच्या दिवशी. माय कधी तुझ्या व्याख्यानाला आली नव्हती. त्या संध्याकाळी मासोळी लवकर संपली असावी. रिकामी टोपली मांडीशी घेऊन ती मागे बसली होती. मी पाहिलं, तू पाहिलं नव्हतंस. कोणाला काही विचारायचं आहे का, असं तू म्हणालास आणि ती तिथूनच बोलली.

"विलास." सर नाही, विलास. "दिसत नाही, पण हाय म्हणून राहिला तू. ठाव नाही, पण हाय. मंग आपला रोशन तिथंच हाय का?"

कोणी हसलं नाही. सगळ्या गावाला रोशन माहीत होता. मला वाटलं, तू काहीतरी गोड बोलशील. शिक्षक माणूस तू, शब्दांची तुला कमी नव्हती.

"नाही, माय," तू म्हणालास.

"मंग कुठं हाय?"

"नदीत गेला तो, माय. आता तो नाही."

तिने टोपली उचलली आणि ती निघाली. तू तिच्यामागे गेला नाहीस. आभार प्रदर्शन झालं, पसायदान झालं. मी मिक्सर बंद केला आणि तुझ्यावर तुटून पडलो.

"एक शब्द होता, विलास. 'असन' म्हणला असता तं तुह्या विज्ञानाचं काय जात होतं?"

"विज्ञानाचं काही जात नाही. मायचं जाते."

"तिले जरा बरं वाटलं असतं."

"त्या 'असन'वरच ती जगून राहिली, दिन्या. पाटलाचा फोन आला का चप्पल घालते. वाटेत एक शब्द बोलत नाही. कापड उचलून पाहते तवा तिचं तोंड कसं होते ते तू नाही पायलं. मी पायलं. अन् आता माह्या तोंडून 'असन' घेऊन ती किती वर्षं फिरन?"

"अन् 'नाही' घेऊन काय करन?"

तू प्रोजेक्टरची पिशवी उचललीस. आपलं भांडण तिथे थांबलं ते थांबलंच. माय पुन्हा व्याख्यानाला आली नाही, आणि बरेच दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलली. पुढचा फोन आला तेव्हा मात्र ती तुझ्याच गाडीवर बसून गेली.

तुझ्याकडून मी काय घेतलं तेही सांगून टाकतो, कारण जिवंतपणी असलं बोलायची आपली पद्धत नाही. माझ्या धंद्यात "होऊन जाईन" या एका शब्दावर गाडा चालतो. कूलर मिळतील का, होऊन जाईन. पाऊस आला तर, होऊन जाईन. तुझ्यामागे फिरून फिरून मी गिऱ्हाइकाला "ते मला सांगता येणार नाही" असं म्हणायला लागलो. काही गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली ती पक्की राहिली. परवा आभाळाकडे बघून नवरीच्या बापाने विचारलं, आणि मी म्हणालो, ठाव नाही, ताडपत्री जास्तीची ठेवतो. माणूस निवांत झाला. हे तुझं आहे.

नागपूरच्या दवाखान्यात मी दुपारी आलो होतो. तुझे हात किती बारीक झाले होते. तू तुमसरच्या शाळेला कळवायला सांगितलंस की यंदा जमणार नाही. बेठाव शक्ती काळाबरोबर थोडी मंदावत असावी अशी शंका अलीकडच्या मोजमापांतून आली आहे, ते पुढच्या खेपेला सांगायचं होतं म्हणालास. नक्की नाही, पण सांगायचं होतं. मला विचारायचं होतं, भीती वाटते का? मी विचारलं, प्रोजेक्टरची पिशवी कुठे आहे?

"कपाटावर."

"रिमोट?"

"त्यातच हाय."

एवढ्यात माय चहा घेऊन आली. तू तिच्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "माय, मी गेलो तं गेलो समज. वाट पाहू नोको."

"गप," ती म्हणाली, आणि तुझ्या पायावरची चादर सारखी केली.

मी तेव्हाही तुझ्यावर रागावलो होतो. मरताना तरी माणसाने थोडं खोटं बोलावं.

आता तुला जे माहीत नाही ते. सभेनंतर काही दिवसांनी सकाळी मी तुझ्या घरी गेलो. माय अंगणात जाळं विणत बसली होती. तुझा फोन मी चार्ज करून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला होता, तिला त्यातलं काही समजत नाही म्हणून. तिने मला पाणी दिलं आणि सरळच विचारलं.

"दिनेश, विलासले रोशन भेटला असन का रे?"

मी ठरवूनच आलो होतो. या वेळी तू मधे येणार नव्हतास. "असन, माय," मी म्हणालो. "भेटलाच असन."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहते तशी. "तुले काय ठाव?" ती म्हणाली, आणि पुन्हा विणायला लागली.

 आणि त्याच वेळी कोनाड्यातला तुझा फोन वाजला. नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावचा पोलीस पाटील.

"सर हायेत का?"

"सर गेले," मी म्हणालो.

"कवा येतीन?"

मी त्याला नीट सांगितलं. तो हळहळला. मग म्हणाला, एक प्रेत लागलं आहे, सरांनी सांगून ठेवलं होतं म्हणून फोन केला, आता राहू द्या. मी फोन ठेवला तेव्हा माय चप्पल घालून उभी होती.

मी हिशेबी माणूस. इतक्या वर्षांनी नदीला लागलेलं ताजं प्रेत रोशनचं असणार नाही, हे मी तिला सांगायला गेलो.

"समजते मले," ती म्हणाली. "कोणाचा तरी तं हाय. गाडी काढ."

विलास, मायचं ते तोंड मी पाहिलं. शिपायाने कापड उचललं. अनोळखी म्हातारा होता. ती वाकली, पूर्ण पाहिलं, कपाळ, कान, हात. "नाही," म्हणाली. मग शिपायाला विचारलं, याच्या घरच्याला कळवलं का? ओळख पटायची आहे, असं तो म्हणाला. तिने स्वतःच्या हाताने कापड पुन्हा वर ओढलं. तू मला हे सांगायचा प्रयत्न केला होतास, आणि मी त्याला विज्ञानाचा हट्ट समजलो होतो.

परत येताना तिला पाणी प्यायचं होतं म्हणून नदीच्या पुलाअलीकडे मोहाच्या झाडाखाली थांबलो. तिने बाटली खाली ठेवली.

"तो काय सांगत होता रे गावागावात? म्या त्या दिवशी आयकलंच नाही. रोशनचं नाव डोक्यात होतं."

माझ्याजवळ गोफण नव्हती, ट्यूब नव्हती, खुर्च्या नव्हत्या. मी म्हणालो, "माय, पाण्यावर जाळ्याचं तरंगतं भेंड हलते. मासा दिसत नाही. तरी तू म्हणते ना, खाली काही हाय?"

"कवा मासा राहते. कवा लाकूड. कवा नुसता भोवरा."

"तसंच आहे ते. आभाळातले तारे हलते, अन् कायनं हलते ते दिसत नाही. काही म्हणते नवा पदार्थ आहे. काही म्हणते आपला हिशेबच चुकला असन. भेंड हलते एवढं मात्र पक्कं."

"अन् ते दुसरं? शक्ती म्हणे काही."

"ते सगळ्याले एकमेकापासून लांब नेऊन राहिलं."

ती पाण्याकडे पाहत राहिली. मग विचारलं, "सापडलं का मंग कोणाले?"

"नाही, माय."

"मोठमोठ्या शिकलेल्या लोकाईले बी नाही?"

"कोणालेच नाही. पदार्थ सापडावा म्हणून जमिनीत खोल, खाणींमधे यंत्रं ठेवून बसले लोक. अजून काही नाही लागलं."

"सोडून दिलं मंग?"

"नाही. शोधून राहिले."

तिने मान हलवली. बाटलीचं झाकण घट्ट लावलं, पदर खोचला आणि गाडीजवळ जाऊन उभी राहिली. "चाल," म्हणाली, "ऊन चढून राहिलं."

तू बरोबर होतास असं मी म्हणणार नाही. ते भांडण मी तुझ्याशी चालू ठेवणार आहे. तिला घरी सोडून मी परत त्या पाटलाकडे गेलो, आणि मग वरच्या गावातल्या, आणि त्याच्याही वरच्या. त्यांच्याकडे तुझा नंबर होता. तिथे आता माझा दिला आहे.